बहरिणीचा कागद

कुसुम,

तुला इथून घरी पाठवायची यादी अकरा कामांची झाली. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचा कागद, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीचं पत्र, तुझ्या भावाला तार, पेटी, विमानातली जागा, मुंबईला उतरवून घेणारा माणूस, तिथून गावापर्यंतची गाडी, तुझं रेसिडेन्स कार्ड परत करणं आणि खोली रिकामी करणं. तू गेलीस त्या मंगळवारी दुपारी कामाला लागले. शुक्रवारी सकाळी मुहर्रकहून विमान सुटलं तेव्हा दहा कामांवर खूण झाली होती. कार्गोच्या खिडकीतला मल्याळी माणूस माझे कागद चाळून म्हणाला, ‘‘मॅडम, पहले भी किया है क्या? सब एकदम बराबर है.’’ मला क्षणभर बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, हे कुसुमला सांगायला पाहिजे.

तिथेच खिडकीपाशी मी खाली बसले. आमच्या ह्यांनी गाडीतून पाणी आणलं. रडले नाही. सगळे म्हणतात सुधाताई खंबीर आहेत. तुला ठाऊक आहे, तो खंबीरपणा नाही. हातात यादी असली की मला दुसरं काही दिसत नाही. हे मला पहिल्यांदा तूच सांगितलंस, घोड्यावर बसून.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव. ते दुसरं कुणीतरी लिहील. तुझ्या वॉर्डातल्या मुली माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी तुलाच लिहिते, कारण माझ्याकडे एक काम नऊ वर्षं तसंच पडून आहे. ते कुठल्याही यादीत मी कधी लिहिलं नव्हतं.

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. बहरीनहून सौदीला जायचा पूल तेव्हा नव्हता, रिफ्याच्या पुढे निम्मा रस्ता वाळूचाच होता. तुझ्या वॉर्डात अबू राशिद नावाचे म्हातारे पायाचं हाड मोडून दोन महिने पडले होते. जन्म सगळा घोड्यांत गेलेला. त्यांच्या आज्यानेही रिफ्यात घोडेच पाळले होते. त्यांचे वडील जहाजातून घोडे मुंबईला न्यायचे, आणि अबू राशिद स्वतःही तरुणपणी दोनदा गेले होते, म्हणून हिंदी बोलायचे. तुमचं जमलं कसं, तर एकदा तू त्यांना कुशीवर वळवताना म्हणालीस, ‘‘बाबा, अंग सैल सोडा, घोड्याला खरारा करताना तो सोडतो तसं.’’ हिंदीत काय म्हणालीस कुणास ठाऊक. पण त्या म्हाताऱ्याने तुझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि विचारलं, ‘‘तू घोडेवाली है?’’

तू घोडेवालीच होतीस. तुझे आण्णा एका छोट्या संस्थानाच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, अंग घासणं, दुखणंखुपणं, सगळं त्यांच्याकडे. हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. आम्हाला तू माहीत होतीस ती इंजेक्शन न दुखवता देणारी कुसुम सिस्टर, आणि शुक्रवारी माझ्याकडे सुरमई खायला येणारी.

म्हातारे बरे होऊन घरी गेले आणि त्यांचा निरोप आला, एका शुक्रवारी ये, मैत्रिणींना घेऊन ये, घोडे तयार ठेवतो. तू माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, ‘‘सुधे, घोड्यावर बसनार का?’’

मी म्हणाले, ‘‘मी? मी स्कूटरवर मागे बसताना डोळे मिटते.’’

‘‘मिट की मग. घोड्याचं डोळं उघडं असत्यात.’’

मी कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करणारी बाई. बोल्टसुद्धा सहीशिवाय देत नाही. मी त्याच संध्याकाळी यादी केली. पाण्याच्या बाटल्या सहा. टोप्या चार. आयोडिन, कापूस, पट्टी. ह्यांच्या जुन्या पँटी दोन, पट्ट्यासकट. संत्री. थर्मास. कुणी कुठल्या घोड्यावर बसायचं ते वजनाप्रमाणे. तू ती यादी वाचलीस आणि इतकी हसलीस की तुला ठसका लागला. ‘‘आगं यादीबाई, घोड्याला काय वाचता येतंय व्हय?’’ त्या दिवसापासून मी यादीबाई झाले. परवा तुझ्या वॉर्डातली एक केरळी नर्स मला भेटायला आली आणि म्हणाली, ‘‘आर यू यादीबाई?’’ तिला वाटलं तेच माझं आडनाव.

आपण तिघी होतो, तू, मी आणि शाळेत शिकवणारी नलिनी. चौथे अबू राशिद. ह्यांनी आम्हाला गाडीने रिफ्याला सोडलं आणि तिथेच चहा पीत बसून राहिले. सूर्य नुकताच वर आला होता. उत्तरेचा वारा कान कापत होता. पाठीमागे उतारावर जुना किल्ला, खाली हुनैनियाची दरी, आणि तबेल्याच्या भिंतीला ओळीने बांधलेल्या घोड्या. मला त्यांनी जद्दा नावाची तपकिरी घोडी दिली. जद्दा म्हणजे आजी. ती इतकी शांत होती की मला वाटलं झोपली आहे. तुला दिली पांढरट करडी, लांब मानेची. तू तिच्याजवळ गेलीस, नुसता तळहात नाकापाशी धरलास. तिने वास घेतला आणि कपाळ तुझ्या खांद्याला लावलं. अबू राशिद म्हणाले, ‘‘बस. खलास. ये तेरी हुई.’’

कुसुम, मी तुला त्याआधी पाच वर्षं ओळखत होते. पण तुझा तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. रिकिबीत पाय टाकून तू वर गेलीस ती अशी, जशी कुणी आपल्या घराची पायरी चढतं. चाळिशीला आलेली, ह्यांची पँट घातलेली, डोक्याला हॉस्पिटलचा पांढरा रुमाल बांधलेली तू.

दरीत उतरताना मी खिशातून कागद काढून बघत होते. जिनाचा तंग आवळला का, पाणी सगळ्यांकडे आहे का, किती वाजले. तू घोडी वळवून माझ्या शेजारी आलीस. ‘‘सुधे, कागद ठेव आत. हातात कागद घेतलास की तुला समोरचं दिसत न्हाई. ह्या म्हातारीचं कान बघ. तुझ्याकडं हाईत का पुढं हाईत?’’

मी बघितले. एक कान पुढे होता, एक माझ्याकडे वळलेला.

‘‘म्हंजे ती तुला विचारत्या, बाई, बरी हायस ना? सांग की तिला.’’

मी कागद आत ठेवला आणि जद्दाला मराठीत सांगितलं, बरी आहे. नलिनी मागून ओरडली, ‘‘इंग्लिशमध्ये सांगा, शाळेतल्या पोरांसारखी ती तेवढंच बोलते!’’

त्यानंतरचा तासभर माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या तासांपैकी आहे, ज्यांत मी काही मोजलं नाही. विहिरीवरून गेलो. पावसाची एखादी सर येऊन गेलेली असावी, दगडांच्या आडोशाला बोटभर हिरवं उगवलं होतं आणि घोड्या जाता जाता ते ओरबाडत होत्या. मग सखीरच्या बाजूचं मोकळं वाळवंट. लांबवर तेलाचे पंप माना हलवत होते. तेलाच्या पाइपांवरून पलीकडे जायला एका जागी मातीचा चढ केलेला होता, तिथे घोड्या एकामागे एक चढून उतरल्या. अबू राशिद हात करून दाखवत होते, इथे आमच्या पूर्वजांच्या घोड्या चरायच्या, इथे शिंगरांना पहिल्यांदा सोडायचे, इथे बहिरी ससाणे उडवायचे. एका ठिकाणी थांबून त्यांनी आपल्या घोडीच्या आईचं, तिच्या आईचं, तिच्याही आईचं नाव सांगितलं. इथे घोड्यांचं घराणं आईकडून मोजतात. वडील कुठलेही असोत, आई कोण ते विचारतात. तू ते ऐकून केवढी खूश झालीस. ‘‘बघ सुधे. शानी मानसं.’’ आणि मग तू दुडकी धरलीस. आम्ही थांबलो आणि नुसतं पाहत राहिलो. तुझा रुमाल सुटून उडाला, तू मागे वळून पाहिलंही नाहीस. तो मी उतरून घेतला. माझ्याकडे अजून आहे.

एका बाभळीखाली चटई टाकून आपण कॉफी घेतली. वेलदोड्याची कडू कॉफी, खजूर, माझी संत्री. तू लाल झाली होतीस आणि थांबत नव्हतीस. तू सांगायला लागलीस. आण्णांच्या पागेत एक पांढरी घोडी होती, तिचं नाव बहरिणी. ती बहरीनहून आली आहे, असं आण्णा सांगायचे. लहानपणी तुला वाटायचं, बहरीन म्हणजे आकाशातलं काहीतरी असणार, इतकी ती पांढरी होती. ती आण्णांखेरीज कुणाच्या हातची चंदी खायची नाही. पुढे नर्सचा कोर्स झाला, जाहिरातीत नाव वाचलंस, बहरीन. बाकीच्या मुलींनी इराणचा फॉर्म भरला, कुवेतचा भरला. तू फक्त हाच भरलास. ‘‘म्हनलं, बहरिणीचं माहेर बघून येऊ.’’

आणि मी अबू राशिदना विचारलं. मला नीट आठवतं, मीच विचारलं. मला त्या माहितीत रस होता असं नाही. गोष्ट आली की ती तपासायची, ही माझी सवय. ‘‘बाबा, यहाँ से घोड़ी बेचते थे? इंडिया में?’’

ते म्हणाले, ‘‘घोड़ा बेचता. बहुत. बम्बई, पूना. घोड़ी मफी. घोड़ी कोई नहीं बेचता. घोड़ी घर है.’’

मी तुझ्याकडे वळले. मी तुला म्हणाले, ‘‘झालं. मग तुझ्या आण्णांची घोडी इथली नव्हतीच.’’

तू म्हणालीस, ‘‘आगं पण नाव बहरिणी हुतं.’’

‘‘नावाचं काय घेऊन बसलीस. काही कागद होता का? आमच्या गल्लीत एक कुत्रा होता, त्याचं नाव जपान. तो काय जपानहून आला होता?’’

नलिनी फिसकन हसली. तिच्या तोंडातली कॉफी सांडली. मग मीही हसले. आपण हसतोय म्हणून काही न कळता अबू राशिदही हसले. तूसुद्धा हसलीस, कुसुम. तू ‘‘आणि मग काय झालं,’’ असं म्हणून पुढचं सांगणार होतीस, तोंड उघडलेलं होतं, आणि ते तू मिटलंस. मग संत्र्याची सालं गोळा करायला लागलीस. कचऱ्याची पिशवी माझ्या यादीत होती. ती मी तुझ्यापुढे धरली.

परत येताना पाइपाच्या चढापाशी तू उतरलीस. लगाम हातात धरून तिथून तबेल्यापर्यंत चालत आलीस. मी विचारलं, काय झालं? ‘‘पाय आखडल्यात.’’ दुडकी धरणारीचे पाय आखडतील का, एवढं मला कळायला हवं होतं. घरी येऊन मी यादी पुरी केली. ती वही माझ्यापुढे उघडी आहे. शेवटची ओळ माझ्या हस्ताक्षरात आहे. ‘‘सर्व वेळेत परत. दुखापत कुणालाही नाही.’’

त्यानंतर तू घोड्यावर कधी बसली नाहीस. अबू राशिदचा निरोप दोनदा आला. तू म्हणालीस ड्युटी आहे. बहरिणीचं नाव काढलं नाहीस. आण्णांचंही नाही. आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलंस, हे तर मला जास्त लागतं. शुक्रवारी येत राहिलीस. माझं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतःची ड्युटी संपवून माझ्या उशाशी बसलीस, नऊ दिवस. माझी वेणी घातलीस. माझ्या अंगाला तुझा हात लागला की अंग आपोआप सैल व्हायचं. एकदा मी म्हणणार होते, कुसुम, त्या दिवशी मी. तू थर्मामीटर माझ्या तोंडात घातलंस. मला अजून कळत नाही, तुला कळलं होतं का.

दुसऱ्यांदा बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत. एका दुकानात पितळेचा घोडा होता, मान उंच केलेला. मी तो उचलला, तुझ्यासाठी. तू म्हणालीस, ‘‘ठेव गं. कशाला.’’ तेव्हा बोलायला हवं होतं. आपण दोघीच होतो, मला ऑफिसला परतायचं नव्हतं, तू मला टाकून कुठे जाणार नव्हतीस. मी म्हणाले, ‘‘चल, वाती घ्यायच्यात.’’

आपलं भांडण कधी झालंच नाही. ते झालं असतं तर बरं झालं असतं. तू मला चार शिव्या घातल्या असत्यास, तुमच्याकडच्या चांगल्या ठसठशीत, मी रडले असते, तू सुरमई वाढून घेतली असतीस. मी मनाशी म्हणत राहिले, कुसुम विसरली असेल. नऊ वर्षं विसरली असेल, विसरली असेल करत मीच ते सांभाळून ठेवलं.

अकरावं काम राहिलं होतं, खोली. गेल्या शनिवारी, विमान सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, गेले. दोन साड्यांच्या पेट्या, स्टोव्ह, देवांचा डबा, नर्सिंगची पुस्तकं, आणि पलंगाखाली पत्र्याची छोटी ट्रंक. ट्रंकेत तुझी सर्टिफिकेटं, आईचा फोटो आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक खरारा, घोड्याचं अंग घासायचा. लोखंडी दात झिजलेले, मूठ अंगठ्याच्या जागी खोल गेलेली. दातांत केस अडकले होते, पांढरे. मी कार्गोच्या यादीत लिहिलं, ‘‘जुना लोखंडी ब्रश, १.’’ आणि पुढच्या वस्तूकडे गेले.

मग माझ्या लक्षात आलं. तो तुझ्या आण्णांचाच असणार, पण त्या ब्रशाला गंज नव्हता. तेलपाणी केलेला होता. आणि केसांतले काही त्यांच्या पागेच्या वेळचे, चाळीस वर्षांपूर्वीचे, नव्हते.

ज्यांना कळवायचं, अशा लोकांची एक यादी मी केली होती. तीत शेवटचं नाव होतं अबू राशिद, खूण न केलेलं. मी खरारा पिशवीत घातला आणि काल, शुक्रवारी, रिफ्याला गेले.

ते आता अंगणात बाजेवर असतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी नाव सांगितलं, आठवलं नाही. ‘‘कुसुम की सहेली,’’ म्हटलं तेव्हा उठून बसले. ‘‘कुसुम किधर? महीना हो गया, आई नहीं. आँख में दवा कौन डालेगा?’’

मला सांगावं लागलं. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना असेल. मग म्हणाले, ‘‘अच्छी लड़की थी. मेरे घर की थी.’’

कुसुम, तू दर महिन्याला त्यांच्याकडे जात होतीस. नऊ वर्षं. बसने रिफ्यापर्यंत, पुढे चालत. त्यांच्या डोळ्यांत औषध घालायला आणि त्या करड्या घोडीला खरारा करायला, आण्णांच्या खराऱ्याने. बसायला सांगितलं तर बसत नव्हतीस. नुसतं अंग घासायचीस, पाय बघायचीस, निघायचीस. आणि संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायचीस. तुझ्या कपड्यांना कसला तरी वास यायचा, मी म्हणायचे, हॉस्पिटलचं फिनाइल बदललं वाटतं.

मी त्यांना विचारलं. तिने कधी तिच्या वडिलांच्या घोडीचं सांगितलं का?

‘‘सब सांगा,’’ ते म्हणाले. तुझं ‘सांगा’ त्यांच्या हिंदीत शिरलं होतं. आणि त्या बाभळीखाली मी जे तोडलं, ते पुढचं मला त्यांच्याकडून कळलं. संस्थान गेलं, पागा मोडली, घोडे विकले गेले. बहरिणी मिरजेच्या एका टांगेवाल्याने घेतली. आण्णा तिला बघायला पायी गेले, खरारा कमरेला खोचून. तू बरोबर होतीस, दहा वर्षांची.

‘‘घोड़ी टाँगे में. घोड़ी ने बाप को देखा. बीच रस्ते में खड़ी हो गई. टाँगेवाला मारता, मारता. नहीं चली.’’

‘‘फिर?’’

‘‘बाप बोला, मैं खड़ा रहेगा तो ये मार खाएगी. तो बाप चला गया. जल्दी-जल्दी. लड़की का हाथ पकड़ा, पीछे नहीं देखा. घर आके ब्रश रख दिया. उसके बाद कोई घोड़े को हाथ नहीं लगाया.’’

हे तू सांगणार होतीस. ‘‘आणि मग काय झालं.’’ आणि मी जपान नावाच्या कुत्र्याचं सांगितलं.

मी बाजेच्या कडेवर बसले. मी त्यांना म्हणाले, पण घोडी इथली नव्हती ना? तुम्हीच म्हणालात, घोडी विकत नाहीत.

‘‘बेचता नहीं,’’ ते म्हणाले. ‘‘तोहफ़ा देता. दोस्त को. बड़े आदमी को. हिंदुस्तान के राजा लोग को भी दिया, मेरे बाप ने खुद जहाज में चढ़ाया. सफ़ेद घोड़ी. किस राजा के पास गई, अल्लाह जाने. कुसुम को मैंने सांगा था. उसी हफ्ते. वो रोई, फिर हँसी.’’

त्याच आठवड्यात. म्हणजे नऊ वर्षं तुला ठाऊक होतं की मी चुकीची असू शकते. मी फक्त विक्रीचं विचारलं होतं. माझ्या स्टोअरमध्ये वस्तू येते ती विकत, जाते ती सहीने. कुणी कुणाला नुसतं काही देतं, हा रकाना माझ्याकडे नाही. तू त्याच शुक्रवारी येऊन माझ्या तोंडावर फेकायला हवं होतंस. यादीबाई, घे तुझा जपान!

‘‘मग तिने मला का नाही सांगितलं?’’ मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

‘‘मैंने भी बोला, अपनी सहेली को बोल. वो बोली, बाबा, उसको कागज मंगता. मेरे पास कागज किधर है.’’

कुसुम, एवढंच? तुला वाटलं मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही? आणि मी ठेवला असता का? मी रात्रीपासून हाच प्रश्न फिरवते आहे आणि मला हो म्हणता येत नाही. तेव्हाच्या मला मी ओळखते. मी विचारलं असतं, जहाजाचं नाव काय, साल कोणतं, पावती आहे का. तुला हे माहीत होतं. म्हणून तू माझी सुरमई खाल्लीस, माझी वेणी घातलीस, आणि तेवढी एक गोष्ट माझ्या हाती लागू दिली नाहीस. ती तू जपलीस. बरोबर केलंस. पण मला एकदा विचारू द्यायचं होतंस गं.

अबू राशिदनी मला तबेल्याकडे न्यायला सांगितलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. करडी घोडी गेली, चार वर्षं झाली. तिची मुलगी आहे, त्यानंतर तू हिलाच खरारा करत होतीस. अजून करडी आहे, वयाबरोबर पांढरी होत जाईल. मी दाराशीच थांबले. मला तू म्हणाली होतीस, भीतीचा वास त्यांना कळतो. मला भीती वाटत होती, घोडीची फार नाही. मी खरारा काढला. तिने मान वर केली. दोन्ही कान माझ्याकडे.

बरी नाही, मी तिला म्हणाले. मराठीत.

तिने पिशवीचा वास घेतला, मग खराऱ्याचा. मग वळून कूस माझ्याकडे केली. मला खरारा करता येत नाही. जसा जमला तसा केला, मानेपासून मागे. माझा अंगठा त्या मुठीच्या खोलगटात बरोबर बसला. तिचं अंग सैल झालं. आणि त्या मंगळवारपासून जे झालं नव्हतं ते तिथे झालं, कुसुम. घोडीच्या अंगाला तोंड लावून, मोठ्याने. अबू राशिद दारात उभे होते. ते दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

आज शनिवार. ट्रंक उद्या कार्गोने जाईल, तुझ्या भावाकडे. तो पागा मोडल्यानंतर जन्मलेला, त्याने ती घोडी पाहिलेली नाही. खरारा ठेवून घ्यावा असं फार वाटलं. पण तो माझा नाही. तुझा रुमाल तेवढा मी ठेवते, तो वाळूतून मी स्वतः उचलला होता. अबू राशिदच्या डोळ्यांचं औषध किती थेंब, कितीदा, ते लिहून घेतलं आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी जाणार आहे. खराऱ्याचं दुसरं काहीतरी बघते, बाजारात मिळेल.

ट्रंकेची यादी मी पुन्हा केली. टाइप केली, तीन प्रतींत. आधीची फाडली. सातव्या ओळीत ‘‘जुना लोखंडी ब्रश’’ होतं, तिथे आता असं आहे:

‘‘खरारा, १. तुमच्या वडिलांचा. बहरिणी नावाच्या पांढऱ्या घोडीचा. घोडी बहरीनची होती. इथून भेट म्हणून गेली.’’

खाली माझं नाव आहे, तारीख आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत कागद पाहिल्याशिवाय मी कशाखालीही सही केलेली नाही. या ओळीचा माझ्याकडे काही पुरावा नाही, कुसुम. सही केली आहे.